एक न्या, दोन आणा

बैठक संपत आली होती. बाहेर पाऊस पडत होता. मंडळी उठायच्या बेतात असताना कुणीतरी हात वर केला. त्याच्या हातात इंटेल कंपनीची ८००८ ही चिप होती. ‘ही कुणाच्या उपयोगाची आहे का,’ एवढंच त्याने विचारलं. एकाने मान हलवली आणि चिप त्याला मिळाली. पैसे नाहीत, पावती नाही, नाव-गाव लिहून घेणं नाही.

ही गोष्ट ५ मार्च १९७५ची, बुधवारच्या रात्रीची. ठिकाण कॅलिफोर्नियातलं मेन्लो पार्क, गॉर्डन फ्रेंच नावाच्या इंजिनिअरच्या घराचं गॅरेज. जमलेली डोकी बत्तीस. या मंडळींनी पुढे स्वतःला ‘होमब्रू कम्प्युटर क्लब’ म्हणवून घेतलं. होमब्रू म्हणजे घरी गाळलेली दारू. आपल्याकडे हातभट्टी म्हणतात त्याच्या जवळचाच शब्द. घरच्या घरी, परवान्याची फिकीर न करता, जमेल त्या साहित्यातून कॉम्प्युटर गाळायचा असा मामला होता. २०२५च्या मार्चमध्ये या हातभट्टीला पन्नास वर्षं झाली.

त्या क्लबमधून अ‍ॅपल जन्मली आणि गॅरेजमधून अब्जावधी डॉलर निघाले, ही गोष्ट शंभरदा सांगून झाली आहे. प्रेरणादायी भाषणांच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने ती आपल्याकडे बारशापासून निरोपसमारंभापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. मला त्यातल्या अब्जांपेक्षा त्या चिपचं जास्त कुतूहल वाटत आलं आहे. ज्याने ती दिली, त्याने का दिली? आणि जिथे अशी वस्तू सहज देता येत होती, तिथे काही वर्षांतच कुणी तोंड उघडेनासं का झालं?

त्यासाठी आधी फ्रेड मूर या माणसाकडे जावं लागतं. गॅरेज फ्रेंचचं, पण क्लबची कल्पना दोघांची, आणि निमंत्रणाची पत्रं लिहिली ती मूरने. तुम्ही स्वतःचा कॉम्प्युटर बनवताय का, टर्मिनल बनवताय का, की आणखी एखादी काळ्या जादूची डिजिटल पेटी बनवताय? असाल तर या, माहितीची देवाणघेवाण करू, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. मूर स्वतः काही कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हता. तो युद्धविरोधी कार्यकर्ता होता. वडील हवाई दलात अधिकारी, आणि हा चिरंजीव १९५९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बर्कली विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला. मागणी अशी की विद्यार्थ्यांवर लष्करी प्रशिक्षणाची सक्ती नको. आपल्याकडे उपोषणाचं कुणाला अप्रूप नाही, पण १९५९च्या अमेरिकेत एका कॉलेजच्या पोराने एकट्याने बसणं ही बातमी होती. पुढे सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्याने तुरुंगवासही भोगला.

मूरची आणखी एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७१ साली ‘होल अर्थ कॅटलॉग’ या गाजलेल्या प्रकाशनाने आपलं दुकान आवरलं म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत एक जंगी निरोपाची पार्टी झाली. संपादकांनी वीस हजार डॉलर रोख आणले आणि जमलेल्यांपुढे ठेवले. याचं काय चांगलं करायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाले. रात्रभर वाद झाले. मूर त्यात उभा राहून सांगत होता की पैशाचं काय घेऊन बसलात, इथे जमलेली माणसं हीच पुंजी आहे, एकमेकांची नावं आणि पत्ते लिहून घ्या. पहाटे उरलेसुरले पैसे शेवटी त्याच्याच गळ्यात पडले. त्याने ते घरी नेऊन परसात पुरून ठेवले. पैशाला हात लावायला नाखूश असलेल्या या माणसाकडे त्या काळात एक मोठा उद्योग होता: कार्डांवर माणसांची यादी करायची. कोण कुठे राहतो, त्याला काय येतं, काय हवं आहे. कार्डं वाढत गेली तसा त्याला कॉम्प्युटर हवासा वाटू लागला. त्याला कॉम्प्युटर हवा होता तो माणसं जोडायला. क्लबच्या पहिल्या वार्तापत्रातही, म्हणजे त्या पहिल्या रात्रीनंतर दहाच दिवसांत निघालेल्या दोन कागदांत, आलेल्यांची यादी आणि ज्याची त्याची आवड छापलेली होती.

*

त्या रात्री लोक भिजत आले त्याचं निमित्त मात्र एक यंत्र होतं. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला होता. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीची मिट्स ही छोटी कंपनी तो सुट्या भागांच्या रूपात ३९७ डॉलरला टपालाने पाठवत होती. त्या वेळच्या दराने तेहतीसशे रुपयांच्या आसपास. कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोली, पांढरे कोट आणि काचेपलीकडून बघणं, असा ज्या पिढीचा अनुभव होता तिला घरच्या टेबलावर मावणारा कॉम्प्युटर पोस्टाने मागवता येतो हे खरंच वाटेना. क्लबातल्या स्टीव्ह डॉम्पिअरला इतकं खरं वाटेना की तो आल्बुकर्कीला जाऊन कंपनी पाहून आला, आणि तिथलं वर्तमान त्याने पहिल्या बैठकीत सांगितलं.

हा अल्टेअर नेमका काय होता ते जवळून बघण्यासारखं आहे. निळा पत्र्याचा डबा. कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोरच्या पट्टीवर खटक्यांची रांग आणि बारीक लाल दिवे. आत इंटेलची ८०८० चिप आणि स्मृती २५६ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, मग काना वेगळा आणि अनुस्वार वेगळा. म्हणजे अल्टेअरमध्ये पंच्याऐंशी चिन्हं मावली असती. गणपतीच्या आरतीचं पहिलं कडवंही पुरतं बसलं नसतं.

प्रोग्रॅम भरायचा तो बोटाने. आठ खटके वर-खाली करून एक बाइट जुळवायचा, मग ‘ठेव’ असा अर्थ असलेला खटका दाबायचा. पुढचा बाइट, पुन्हा आठ खटके, पुन्हा तोच दाब. शंभर सूचनांचा प्रोग्रॅम म्हणजे हजाराच्या घरात खटके, त्यात एक जरी उलटा पडला तरी सगळं मुसळ केरात. सगळं बरोबर भरून ‘चालव’चा खटका दाबला की फळ काय? दिवे लुकलुकणार. आणि वीज गेली की स्मृती कोरी. आपल्या भारनियमनाच्या दिवसांत हे यंत्र टिकलं नसतं.

एवढ्या यातायातीनंतर हे यंत्र करतं काय, हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याला पहिलं उत्तर डॉम्पिअरनेच दिलं.

तो एकदा घरी अल्टेअरवर आकडे क्रमाने लावण्याचा प्रोग्रॅम चालवत होता. बाजूला हवामानाच्या बातम्यांसाठी रेडिओ लावलेला. प्रोग्रॅम सुरू झाला की रेडिओतून खरखर, थांबला की शांत. खरखरीचा सूरही बदलायचा. दुसऱ्या कुणी रेडिओ लांब नेऊन ठेवला असता. डॉम्पिअरने त्यातून स्वर हुडकले. कारण साधं आहे: अल्टेअरच्या आतल्या विद्युतलहरींना अडवायला काही आवरण नव्हतं, त्या बाहेर फाकत आणि रेडिओ त्या पकडे. तेच ते काम यंत्र सेकंदाला चारशे चाळीस वेळा करत राहिलं तर चारशे चाळीस कंपनांचा सूर ऐकू येतो. मध्ये थोडा रिकामा वेळ घातला की सूर उतरतो, काढला की चढतो. त्याने कोणत्या आकड्याला कोणता स्वर याचा तक्ता केला आणि बीटल्सचं ‘फूल ऑन द हिल’ हे गाणं खटक्यांत बसवलं.

१६ एप्रिल १९७५ला क्लबची बैठक पेनिन्सुला स्कूल या शाळेत होती. डॉम्पिअर आपला डबा आणि एक रेडिओ घेऊन आला. जमिनीवर बसून खटके भरू लागला. बराच वेळ गेला. तेवढ्यात वायरीत कुणाचातरी पाय अडकला, वीज तुटली, सगळं पुसलं गेलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून भरलं. (इथे मी त्याला मनातल्या मनात दंडवत घालतो. माझ्या हातून सेव्ह न करता एक पान उडालं तरी मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही.) मग डब्यावर रेडिओ ठेवला, खटका दाबला, आणि रेडिओच्या खरखरीतून गाणं वाजू लागलं. हॉल अवाक झाला. गाणं संपल्यावर टाळ्या सुरू असतानाच यंत्राने आपण होऊन दुसरं गाणं धरलं: ‘डेझी’. बेल प्रयोगशाळेत १९६१ साली कॉम्प्युटरकडून गाऊन घेतलेलं तेच गाणं. हॉलमधल्या सगळ्यांना तो संदर्भ कळला. अजिबात उपयोग नसलेली ही करामत बघून लोक वेडे झाले. डॉम्पिअरने हे कसं केलं ते तक्त्यासकट लिहून छापून टाकलं.

*

गॅरेज पहिल्याच बैठकीला अपुरं पडलं होतं. क्लब हिंडत हिंडत शेवटी स्टॅनफर्डच्या कणभौतिकी केंद्राच्या, स्लॅकच्या, सभागृहात स्थिरावला. तीन किलोमीटरहून लांब इलेक्ट्रॉन पळवणारं यंत्र जिथे, तिथे दर पंधरवड्याला ही हातभट्टीवाली मंडळी जमायची. शेकड्यांनी.

सूत्रसंचालक होता ली फेल्सेनस्टाइन. हाही बर्कलीच्या विद्यार्थी चळवळीतला. हातात लांब काठी घेऊन तो व्यासपीठावर उभा राही. बैठकीचे दोन भाग असत. पहिल्या भागाला ते नकाशा मांडणं म्हणत: एकेकाने उठायचं, आपल्याकडे काय आहे, काय अडलं आहे, काय ऐकलं आहे ते मिनिटाभरात सांगायचं. फेल्सेनस्टाइन काठी रोखून पुढच्याला उठवी. लांबण लावणाऱ्याला बसवी. मग दुसरा भाग: सभा मोडायची, आणि ज्याला ज्याच्याशी काम आहे त्याने त्याला गाठायचं. आपल्याकडे ज्यांनी ज्ञातीचे वधूवर मेळावे पाहिले आहेत त्यांना ही रीत वेगळी समजावायला नको. आधी माइकवर परिचय, मग मंडपाच्या कोपऱ्यात खरी बोलणी. बैठक संपली की उरलेले सगळे ‘ओअ‍ॅसिस’ या बारमध्ये. तिथे बिअरच्या साक्षीने पुन्हा तेच.

वर्गणी सक्तीची नव्हती. सदस्यत्वाची परीक्षा नव्हती. शाळकरी पोरं येत आणि मोठ्या कंपन्यांतले इंजिनिअरही येत. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण या गौरवगाथांत ती गाळली जाते: बायका जवळपास नव्हत्याच. देवाणघेवाणीचा हा सगळा मोकळेपणा पुरुषांच्या पुरुषांत होता. हे कुणाला खटकल्याचं तेव्हाच्या कागदांत तरी दिसत नाही.

मागच्या रांगेत बसणाऱ्यांत ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरवर काम करणारा स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक होता. पहिल्या रात्री गॅरेजात आलेल्या बत्तिसांत तोही होता, आणि जवळजवळ चुकून आला होता. मित्राने सांगितलं होतं की टीव्हीच्या पडद्याला जोडायच्या टर्मिनलबद्दल बैठक आहे. इथे सगळे अल्टेअरबद्दल बोलत होते. तो इतका लाजाळू की तोंड उघडलं नाही. पण जाताना एका मायक्रोप्रोसेसरची माहिती छापलेला कागद घरी नेला, रात्री वाचला, आणि त्याच्या लक्षात आलं की चार वर्षांपूर्वी आपण स्वतः जोडलेलं यंत्र याच जातीचं होतं. अल्टेअर घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. पुढे मॉस टेक्नॉलॉजीची ६५०२ ही स्वस्त चिप आली, वीस-पंचवीस डॉलरची. तीवर त्याने आपला कॉम्प्युटर बांधला, कीबोर्ड आणि टीव्हीचा पडदा असलेला. त्याच्याच आठवणीप्रमाणे २९ जून १९७५ला, रविवारी, त्याने कीबोर्डवरची कळ दाबली आणि अक्षर पडद्यावर उमटलं.

मग त्याने काय केलं? आराखड्याच्या झेरॉक्स काढल्या आणि क्लबात वाटल्या. उठून बोलणं त्याला जमत नसे, पण टेबलावर यंत्र मांडून ठेवलं की लोक आपोआप भोवती गोळा होत आणि मग प्रश्नांना उत्तरं देता येत. हे यंत्र लोकांनी आपापल्या घरी बांधावं एवढीच त्याची इच्छा. आराखडा सगळ्यांना मिळतो पण बांधायला वेळ कुणालाच नाही, तर आपण छापील बोर्ड करून विकू, हे सुचलं त्याच्या मित्राला. स्टीव्ह जॉब्जला. जॉब्जने आपली फोक्सवॅगन व्हॅन विकली, वॉझनिअ‍ॅकने एचपीचा कॅल्क्युलेटर विकला, आणि १ एप्रिल १९७६ला कंपनी झाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

*

आता एका कागदी पट्टीची गोष्ट.

अल्टेअरसाठी बेसिक ही संगणकभाषा बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिली. खटक्यांऐवजी शब्दांत आज्ञा देता येणार होती. क्लबातले लोक तिची चातकासारखी वाट बघत होते. काहींनी पैसेही भरले होते, आणि माल येत नव्हता. जून १९७५मध्ये मिट्सची प्रात्यक्षिकं दाखवत हिंडणारी गाडी पालो आल्टोच्या एका हॉटेलात आली. तिथल्या अल्टेअरवर बेसिक चालू होतं. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर ती साठवलेली. त्या गर्दीत कुणीतरी एक पट्टी उचलली. कोणी, ते आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. पट्टी डॅन सोकोल या इंजिनिअरच्या हाती आली. त्याच्याकडे पट्ट्यांच्या नकला काढणारं जलद यंत्र होतं. पुढच्या बैठकीला तो खोकं भरून पट्ट्या घेऊन आला. न्यायच्या असतील तर फुकट, अट एकच: एक न्या, पुढच्या वेळी दोन करून आणा.

३ फेब्रुवारी १९७६ तारखेचं गेट्सचं खुलं पत्र ही त्याची परिणती. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. हौशी मंडळींना उद्देशून त्याने लिहिलं की तुमच्यातले बहुतेक सॉफ्टवेअर चोरतात. अल्टेअर घेणाऱ्यांतल्या दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली. आम्ही वापरलेल्या कॉम्प्युटर-वेळाचीच किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर जाते, आणि मिळालेल्या रॉयल्टीचा हिशेब केला तर आमच्या तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. फुकटात चांगलं काम कोण करणार, असा त्याचा सवाल. क्लबच्या वार्तापत्रातही हे पत्र छापलं गेलं.

या पत्रावर पन्नास वर्षं लोक भांडत आहेत. माझं मत विचाराल तर गेट्सचं गणित बरोबर होतं आणि त्याची तक्रारही खरी होती. लिहिणाऱ्याला मानधन मिळायला हवं हे दिवाळी अंकात लिहिणाऱ्याने नाही म्हणायचं तर कुणी म्हणायचं? पण त्याच्या शेवटच्या सवालाचं उत्तर मात्र चुकलं. फुकटात चांगलं काम करणारे लोक त्याच सभागृहात बसले होते. पीपल्स कम्प्युटर कंपनी नावाच्या, कंपनी नसलेल्या एका चमूने ‘टायनी बेसिक’चा आराखडा जाहीर छापला आणि ज्याला हवी त्याने आपापली भाषा लिहावी असं आवाहन केलं. लोकांनी लिहिल्या. त्यांतल्या ली-चेन वांगने १९७६ साली आपल्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर स्वामित्वहक्काच्या ठरावीक ओळीची टर उडवली: ‘कॉपीलेफ्ट, सर्व चुका राखीव’. आणि टॉम पिटमनने आपली टायनी बेसिक पाच डॉलरला विकायला काढली. पाच डॉलरसाठी कोण चोरी करतो? लोकांनी पैसे पाठवले. काहींनी जास्त पाठवले. चोरीवरचा हा उपाय गेट्सच्या पत्रापेक्षा मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

*

या क्लबात एक जण पुस्तकांचं खोकं घेऊन येई. मायक्रोकॉम्प्युटरवरचं पुस्तक स्वतः लिहिलेलं, स्वतः छापलेलं, आणि बैठकीच्या मागच्या बाजूला उभं राहून स्वतः विकलेलं. त्याचं नाव अ‍ॅडम ऑस्बोर्न. इंग्रज बाप, पोलिश आई, जन्म बँकॉकचा, आणि बालपण गेलं तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या आसपास. वडील आर्थर ऑस्बोर्न महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. हा मुलगा तामिळ वातावरणात वाढला.

ऑस्बोर्नने पुढे फेल्सेनस्टाइनलाच हाताशी धरून एक यंत्र करवून घेतलं. एप्रिल १९८१मध्ये ते बाहेर आलं: उचलून नेता येणारा कॉम्प्युटर, किंमत १,७९५ डॉलर, वजन अकरा किलोच्या घरात, पडदा पाच इंची. अकरा किलो म्हणजे धान्याची बऱ्यापैकी पिशवी. पण विमानात सीटखाली बसे. धडाक्याने खपलं आणि कंपनी १९८३च्या सप्टेंबरात दिवाळखोर झाली. पुढचं मॉडेल येण्याआधीच त्याचा गाजावाजा केला, म्हणून आहे त्या मालाची गिऱ्हाइकं थांबली, असं सांगतात. धंद्याच्या भाषेत या आत्मघाताला आजही त्याचं नाव आहे. अखेरच्या आजारपणात ऑस्बोर्न भारतात परतला. २००३ साली कोडाईकॅनलला वारला.

त्याच्यासारखे वीसेक उद्योग या क्लबातून निघाले. प्रोसेसर टेक्नॉलॉजी, क्रोमेम्को, नॉर्थ स्टार, अ‍ॅपल. १९७७च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरची पहिली मोठी जत्रा भरली, बारा-तेरा हजार माणूस लोटलं, आणि त्याच जत्रेत अ‍ॅपल टूचा घट बसला. क्लबाची घडी तिथून विसकटत गेली. भांडण झालं नाही, फूट पडली नाही. फक्त नकाशा मांडण्याच्या तासाला उठणारे लोक उठेनासे झाले. मागच्या पंधरवड्यापर्यंत जो माणूस सगळं सांगायचा त्याला आता कंपनी होती, भागीदार होते, आणि समोर बसलेला मित्र हा प्रतिस्पर्धी होता. ‘काय चाललंय’ या प्रश्नाला ‘चाललंय काहीतरी’ असं उत्तर येऊ लागलं. मूर तर पहिलं वर्ष धड सरायच्या आत बाजूला झाला होता. शेवटची बैठक डिसेंबर १९८६मध्ये झाली.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बोस्टनमध्ये, जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने १९७७ साली बोस्टन कम्प्युटर सोसायटी काढली. तिचे तीस हजारांवर सदस्य झाले. तीही १९९६ला बंद पडली. तिचं कारण वेगळं: कॉम्प्युटर इतका सोपा झाला की दुसऱ्याला विचारायची गरज लोकांना वाटेना.

*

आपल्याकडे ही गरज उशिरा आली आणि वेगळ्या वाटेने आली. नव्वदच्या दशकात घराघरांत असेंबल्ड कॉम्प्युटर शिरले, त्यांवरचं जवळपास सगळं सॉफ्टवेअर सोकोलच्या खोक्यातलं, म्हणजे कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं. ‘दोन आणा’ ही अट तेवढी आपण गाळली होती. त्याच दशकात लिनक्स आलं, विंडोजच्या जागी घालता येणारी फुकट संगणकप्रणाली. इंटरनेट फोनच्या तारेवरून रांगत येई, सहाशे मेगाबाइट उतरवायचं म्हणजे फोनच्या बिलावर घरात महाभारत. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी हाच बहुतेकांचा दरवाजा. सीडी मिळाली तरी लावणार कोण? मग पुण्या-मुंबईत लिनक्सवाल्यांची मंडळं जमू लागली. त्यांची ‘इन्स्टॉल फेस्ट’ भरत. आपला डबा उचलून न्यायचा, जाणकार पोरं लिनक्स घालून देणार.

अशाच एका रविवारी मी माझा डबा चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवून, एका कॉलेजच्या वर्गात नेला. समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. ‘काका, बॅकअप घेतलाय ना?’ मी ‘हो’ म्हणालो. घेतला नव्हता. बाराच्या सुमाराला डिस्कचे भाग पाडताना माझं विंडोज होत्याचं नव्हतं झालं, आणि त्यात एका दिवाळी अंकासाठी लिहून ठेवलेला, मुदत टळून गेलेला लेख होता.

मी खरं सांगितल्यावर त्या मुलाने मला शिव्या घातल्या नाहीत. बाकीचे डबे बाजूला सारून तो संध्याकाळपर्यंत माझ्या डिस्कवरचे तुकडे वेचत बसला. दिवेलागणीला फाइल सापडली. उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची आपापली सांकेतिक लिपी असायची; फॉन्ट गेला की मराठी गेली. माझा फॉन्ट अर्थातच उसना, आणि कुणाकडून आणला होता ते आठवेना. आणखी दोन पोरं जमली, फोनाफोनी झाली, कुणीतरी घरून फ्लॉपी आणली. रात्री नऊला माझा लेख मराठीत परत आला. मी पैसे विचारले तेव्हा तो मुलगा संकोचला. एका वडापाववर तोडपाणी झालं. निघताना म्हणाला, ‘पुढच्या फेस्टला या काका, पण डबा आणू नका. दुसऱ्या कुणाला तरी मदत करायला या. निदान बॅकअपचं तरी विचारत जा.’

मी गेलो. दोन वर्षं दारात खुर्ची टाकून येणाऱ्याला बॅकअपचं विचारण्याचं काम मी इमानेइतबारे केलं. त्या वर्गांत मी मूरचं नाव ऐकलं नाही. त्या पोरांनाही ते ठाऊक असेल असं वाटत नाही. अशाच मंडळांतल्या लोकांनी बिनपैशाने लिनक्सच्या आणि पुढे फायरफॉक्सच्या मेनूंना मराठी शब्द दिले. फाइलला धारिका म्हणायचं की फाइलच, यावर चहाचे किती कप रिते झाले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज मोबाइलमध्ये आयती मराठी येते तेव्हा या वादांची आठवण कुणाला होण्याचं कारण नाही.

फ्रेड मूर १९९७ साली मोटार अपघातात गेला. अल्टेअर आता संग्रहालयांत आहे, खटके आणि दिव्यांसकट. आणि ती बेसिक? मायक्रोसॉफ्टच्या पन्नाशीच्या निमित्ताने बिल गेट्सने एप्रिल २०२५मध्ये तिच्या मूळ प्रोग्रॅमची कागदपत्रं स्वतःच जगासाठी खुली केली. एकशे सत्तावन्न पानं आहेत. कुणीही उतरवून घ्यावीत. पैसे पडत नाहीत.